छोट्या प्रवाळ बेटावर राहून रोज कयाक चालवायची असेल, तर आधी वारा ओळखा

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघांचंही काम ऑनलाइन. उष्ण कटिबंधातल्या एका छोट्या प्रवाळ बेटावर सहा महिने राहायचं ठरलंय. बेट एवढंसं, की चालत निघालं तर दीड-दोन तासांत फेरी पुरी होते. तळ्यात आणि धरणाच्या पाण्यात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी, चालवलेली आहे, समुद्रात कधीच नाही. त्यांनी विचारलंय, की कयाक कोणती घ्यावी, रोज एकट्याने पाण्यात जाणं कितपत सुरक्षित आहे, तिथलं रोजचं जगणं कसं असतं, आणि दोघांत एक मोठी कयाक चालेल का.

मी समुद्रात कयाक चालवायला शिकवते आणि अशा बेटांवर बरीच वर्षं राहिले आहे. नवीन माणूस कयाकचं मॉडेल विचारतो, पण ते सगळ्यात शेवटी ठरवलं तरी चालतं. आधी हे ठरवा, की तुमच्या दारातून पाण्यात उतरल्यावर वारा तुम्हाला कुठे नेणार आहे.

त्यासाठी बेटाची रचना डोळ्यांसमोर हवी. प्रवाळ बेट म्हणजे रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या कठड्याच्या, माथ्यावर साठलेली वाळू. कठड्याच्या आत उथळ, हिरवट-निळं पाणी, ते लगून. कठडा सलग नसतो, मधे मधे त्याला खिंडी असतात आणि होड्या तिथूनच आत-बाहेर करतात. कठड्याच्या बाहेर समुद्र एकदम खोल होतो. अशी कंकणाकृती बेटं बुडत गेलेल्या ज्वालामुखीच्या काठावर वाढतात असं डार्विनने १८४२ मध्ये मांडलं होतं. पुढे १९५२ साली प्रशांत महासागरातल्या एनिवेटाकवर खोदकाम केलं, तेव्हा प्रवाळाच्या चुन्याखाली ज्वालामुखीचा खडक लागायला सुमारे १,४०० मीटर खाली जावं लागलं. वल्हवणाऱ्याने यातून एवढंच घ्यायचं, की रीफच्या बाहेर गेलात तर पाय टेकायला, नांगर टाकायला किंवा धरून थांबायला काही नाही. बाहेर वाहत गेलेली कयाक वाहतच राहते.

आता वाऱ्याकडे येऊ. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे, हे आपण शाळेत शिकलो. मोठ्या भूभागाच्या किनाऱ्याला ते लागू पडतं. एवढ्याशा बेटाची जमीन इतकी तापतच नाही, की तिने स्वतःचा वारा तयार करावा. तिथे राज्य असतं व्यापारी वाऱ्यांचं किंवा मोसमी वाऱ्यांचं. ते महिनोन् महिने जवळपास एकाच दिशेने, रात्रंदिवस वाहतात. म्हणून अशा प्रत्येक बेटाला दोन बाजू असतात. वाऱ्याच्या तोंडावरची बाजू खळाळती असते, घरांवरचे पत्रे वाजत असतात. दुसरी बाजू वाऱ्याआडची. तिथे पाणी काचेसारखं, होड्या बांधलेल्या, पोरं डुंबतायत. नवखा माणूस साहजिकच या दुसऱ्या बाजूने उतरतो, आणि मी सगळ्यात जास्त धास्ती याच बाजूची घेते.

कारण साधं आहे. तिथे पाणी शांत दिसतं ते वारा नाही म्हणून नव्हे. माड-झाडांनी तो अडवलाय म्हणून. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं, की झाडांचा आडोसा संपतो आणि वारा पाठीवर येतो, तुम्हाला बेटापासून दूर, खुल्या समुद्राकडे ढकलणारा. जाताना मजा येते, वल्हं न मारताही कयाक पळते. परत वळल्यावर कळतं. सवय नसलेला माणूस सपाट पाण्यात ताशी चार-पाच किलोमीटरने जातो. १५ नॉटचा, म्हणजे ताशी साधारण २८ किलोमीटरचा वारा समोरून आला, की वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. अर्ध्या तासात खांदे भरून येतात, आणि हात थांबले की कयाक मागे जायला लागते.

किनाऱ्यावर उभं राहून हे आधी दिसतं, बघायची सवय हवी. पाण्याकडे तिरक्या नजरेने पाहा. गुळगुळीत पट्टा जिथे संपतो आणि बारीक बारीक सुरकुत्या सुरू होतात, तिथे एक रेघ दिसते. तीच आडोशाची हद्द. त्या रेघेपलीकडे पांढरे तुरे दिसत असतील तर त्या दिवशी रेघ ओलांडायची नाही, किनाऱ्याला समांतर, छातीएवढ्या पाण्यावरून ये-जा करायची. माडाचे शेंडे बघा, झावळ्या सगळ्या एका अंगाला ओढल्यासारख्या असतील तर वर वारा आहेच, खाली तुम्हाला लागत नसला तरी. आणि जिथे शक्य असेल तिथे आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, ताजे हात असताना, म्हणजे परतताना तो मागून येईल.

खिंडीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे भरती-ओहोटीचा तक्ता वाचता येणारी माणसंही फसतात. लगूनमध्ये भरतीला पाणी येतं, ओहोटीला जातं, आणि ते सगळं त्या अरुंद खिंडीतून. तीन नॉटचा ओघ म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर, तुमचा पूर्ण वेग त्यात संपला. मोठ्या कंकणद्वीपांच्या खिंडींत, जसं फ्रेंच पॉलिनेशियातल्या रांगिरोआच्या, ओघ याहून बराच जास्त असतो. तक्ता सांगतो आत्ता भरती आहे, म्हणजे ओघ आत येत असणार, बाहेर ओढलं जायचं भय नाही. पण बाहेर मोठ्या लाटा असल्या, की त्या कठड्यावर फुटून पाणी सतत लगूनमध्ये ओतत राहतात. ते पाणी बाहेर पडायला वाट एकच, खिंड. मग ऐन भरतीतही खिंडीतून ओघ बाहेर जाताना दिसतो. म्हणून तक्त्यावर विसंबू नका. खिंडीपासून लांब थांबून तरंगणारं पान, फेस, बांधलेल्या होडीचं तोंड कुठे वळलंय ते पाहा. पहिले दोन महिने तर खिंडीच्या जवळपासही फिरकू नका, असंच मी सांगेन.

भरती-ओहोटीचं गणित मात्र रोजच्या जगण्यासाठी शिकण्यासारखं आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे बहुतेकांना माहीत असतं. त्यातली खरी उपयोगी गोष्ट पुढची आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला सगळ्यात खोल ओहोटी एखाद्या ठिकाणी साधारण ठरलेल्या वेळीच येते. तुमच्या बेटावर ती सकाळी नऊच्या सुमारास येत असेल, तर पुढच्या पौर्णिमेलाही नऊच्याच आसपास. एकदा डोळ्यांनी पाहिलं, की चंद्र बघून आठवड्याचा अंदाज बांधता येतो. त्या दिवसांत रीफचा माथा उघडा पडतो, लगूनमध्ये जागोजाग घोटाभर पाणी राहतं आणि कयाक प्रवाळावर घासते. अष्टमीच्या भांगाला पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, शिकाऊ माणसाला हे दिवस सोयीचे. ओघाचं म्हणाल तर पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी हलतं, तेव्हा ओघ जोरात असतो. याला अपवादही आहेत. ताहितीत भरती जवळजवळ रोजच दुपारी आणि मध्यरात्री येते, कारण तिथे चंद्रापेक्षा सूर्याचा प्रभाव जाणवतो. पाण्याच्या पातळीतला फरकही फूटभराचाच. तेव्हा तुमच्या बेटाचा हिशोब तिथल्या मच्छीमाराकडूनच घ्या.

वेळ कोणती निवडायची? पहाटे पाणी शांत असतं हे खरं, फोटोही छान येतात. पण अनोळखी पाण्यात मी नऊ ते अकराची वेळ पसंत करते. सूर्य वर आला आणि पाठीशी असला, की पाण्याचा रंग वाचता येतो. फिकट निळसर-हिरवा म्हणजे खाली वाळू. तपकिरी-पिवळट डाग म्हणजे प्रवाळ, अगदी वर आलेला. गर्द निळं म्हणजे खोल. पहाटे सूर्य समोर आणि खाली असतो, सगळं पाणी चांदीच्या पत्र्यासारखं चमकतं आणि प्रवाळाचा गड्डा कयाक त्यावर आदळल्यावरच कळतो. पोलराइज्ड चष्मा असला तर फार फरक पडतो. ढगाची सावली आणि प्रवाळाचा डाग सुरुवातीला सारखाच वाटतो. सावली सरकते, थोडं थांबून पाहा.

संध्याकाळचं मात्र सांभाळा. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य सरळ खाली जातो, संधिप्रकाश रेंगाळत नाही. सूर्य बुडाल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. ‘अजून उजेड आहे’ असं म्हणून निघालेला माणूस परतताना काळोखात रीफ शोधत असतो. सूर्यास्ताच्या तासभर आधी कयाक वाळूवर ओढलेली हवी, एवढं घरात ठरवून टाका.

आता रोजचं जगणं. सगळ्यात आधी गोडं पाणी. वाळूच्या बेटाखाली पावसाचं पाणी मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. समुद्रसपाटीच्या वर ते जितकं उभं राहतं त्याच्या सुमारे चाळीस पट खाली पसरतं, असा ढोबळ नियम आहे. ऐकायला खूप वाटतं, पण लहान बेटावर ते वर हातभरही नसतं आणि काठाकडे अगदी पातळ होतं. पंप लावून जोरात उपसलं, की विहीर मचूळ होते आणि महिनेच्या महिने तशीच राहते. त्यामुळे पागोळ्यांचं पाणी टाकीत साठवणं हे अशा घरातलं खरं काम. पन्हळ साफ आहे का, टाकीच्या झाकणाला डास-जाळी आहे का, हे पाऊस यायच्या आधी बघायचं. कयाक रोज गोड्या पाण्याने धुवायची हौस तिथे परवडत नाही. एक मग पाणी पुरतं. ते फक्त धातूवर, म्हणजे सुकाणूच्या तारा, स्क्रू, वल्ह्याचा जोड, जॅकेटची चेन यांवर ओता. प्लास्टिकच्या अंगावर मीठ राहिलं तर काही बिघडत नाही.

वल्ह्याचा जोड मात्र प्रत्येक वेळी वेगळा करा. दोन तुकड्यांच्या वल्ह्यात वाळूचे चार कण आणि मीठ अडकलं, की आठवड्यात ते असं घट्ट बसतं की दोघांनी दोन टोकं धरून पिळलं तरी सुटत नाही.

बाकी सगळं बोटीवर अवलंबून. मालाची बोट येते तेव्हा बेटावर भाजी असते, बाकी दिवशी डाळ-तांदूळ, मासे, नारळ. हवा बिघडली की बोट लांबते आणि कधी येणार ते कोणी सांगत नाही, विचारून उपयोगही नसतो. रोजची औषधं गरजेच्या दुप्पट न्या. दातांची कामं निघण्याआधी उरका, दाढदुखीसारखी शिक्षा तिथे दुसरी नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही घेऊन ठेवा. इंटरनेट ढगाळ हवेत आणि वीज दुपारी जाते असं धरून कामाच्या वेळा ठरवा. कचऱ्याचं वाईट वाटेल. तुम्ही फेकलेलं पाकीट बेटावरच राहतं, दुसऱ्या दिवशी तुमच्याच कयाकजवळ सापडतं. आणि खाजगीपणा विसरा. तुम्ही किती वाजता उतरलात, कुठल्या बाजूला गेलात, परत आलात का, हे सगळ्यांना माहीत असतं. शहरातल्या माणसाला आधी याचा जाच होतो. पण अशा ठिकाणी तटरक्षक दल हाकेच्या अंतरावर नसतं. तुम्हाला शोधायला येणारी होडी एखाद्या मच्छीमाराचीच असणार, तेव्हा तुमच्यावर असलेली नजर सोयीची समजा.

म्हणूनच पहिला आठवडा पाण्यात कमी आणि होड्या लागतात तिथे जास्त घालवा, असं सांगते. कोणत्या रीफवर मासेमारीचा हक्क कोणाचा, कुठल्या निर्जन बेटावर पक्षी किंवा कासवं अंडी घालतात म्हणून जायचं नाही, हे फलकावर लिहिलेलं नसतं. विचारलं की सांगतात. न विचारता गेलात तर तोंडावर कोणी बोलणार नाही, पण पुढच्या वेळी वाऱ्याबद्दल विचारल्यावर उत्तर तुटक मिळेल.

कयाक. कयाक मुळात आर्क्टिकची. बसायची जागा बंदिस्त, कारण थंड पाणी अंगावर येऊ द्यायचं नव्हतं. तुम्ही जाताय तिथे पाणी कोमट, त्यामुळे त्या बंदिस्तपणाचा फायदा फारसा नाही आणि उलटल्यावर आत भरलेलं पाणी उपसायची कटकट मात्र आहे. सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर उघड्यावर बसायची कयाक, घ्या. बसण्याच्या जागेला आरपार भोकं असतात, पाणी आपोआप निघून जातं. पॉलिथिलीनची, चार मीटरच्या आसपास लांबीची. तीन मीटरच्या आखूड कयाक स्वस्त आणि वळायला सोप्या, पण वाऱ्यात सरळ जात नाहीत, निम्मी ताकद दिशा सावरण्यात जाते. फायबरग्लासची कयाक देखणी आणि हलकी, पण प्रवाळावर दोनदा घासली की दुरुस्तीचं सामान शोधत बसाल. सुकाणू असलं तर उत्तम, नसलं तरी चालेल.

ठेवायची सावलीत, कुशीवर किंवा पालथी. उन्हात पट्ट्याने करकचून बांधून ठेवली तर प्लास्टिक मऊ पडून तळाला खळगा पडतो. डिक्कीची झाकणं सैल ठेवा, आतली हवा तापून फुगते. सावली माडाची नको, वरून नारळ पडतो. आणि बसण्याआधी सीटखाली हात घालण्यापूर्वी एकदा पालथी करून आपटा. शंखात राहणारे खेकडे तिथे हमखास मुक्कामाला असतात, चिमटा बारीक पण झोंबणारा.

आता एकट्याने जाण्याबद्दल. माझी अट एकच असते: पाय टेकत नाहीत अशा पाण्यात कयाक उलटवून, कोणाच्याही मदतीशिवाय परत चढून दाखवा. कोरड्या हवेत, ताजेतवाने असताना नव्हे. थकल्यावर, वाऱ्यात. पद्धत अशी. पालथी पडलेली कयाक आडवी पकडा, तळावरून हात टाकून पलीकडची कड किंवा तळाची भोकं धरा, मागे झुकून अंगाच्या वजनाने तिला सुलटी करा. वल्हं दोरीने बांधलेलं असेल तर ते जाणार नाही. मग मधोमध, सीटजवळ या. इथे सगळे चुकतात: पाय खाली लोंबत ठेवून हातांनी वर चढायला जातात आणि पाय कयाकखाली शिरतात. आधी पाय मागे, पाण्याच्या पृष्ठभागावर आणायचे, पोहताना मारतो तसे मारायचे, आणि त्या जोरावर पोटावर आडवं सरकत कयाकवर यायचं, अगदी बेंबी पलीकडच्या कडेशी पोचेपर्यंत. क्षणभर तसंच पडून श्वास घ्या. मग कुशीवर वळून बूड सीटमध्ये, आणि शेवटी पाय आत. घाई केली तर पलीकडे पडाल. एका दमात तीन वेळा जमलं, की तुम्ही लगूनमध्ये एकटे जाऊ शकता. रीफबाहेर एकट्याने नाही, कितीही जमलं तरी.

लाइफ जॅकेट अंगावर, कयाकवर बांधलेलं नाही. शिट्टी जॅकेटला. फोन जलरोधक पिशवीत आणि पिशवीही अंगाला, कारण उलटल्यावर कयाक वाऱ्याने तुमच्यापेक्षा वेगाने पळते. ज्या बेटावर होड्यांकडे व्हीएचएफ, म्हणजे बोलायचा रेडिओ, असतो तिथे हाताएवढा सेट घ्या, चॅनल १६ हे आणीबाणीचं. आणि किनाऱ्यावरच्या कोणाला तरी परतण्याची वेळ सांगून जा. ‘संध्याकाळपर्यंत’ असं मोघम नको, घड्याळातली वेळ सांगा. दोघं ऑनलाइन काम करत असाल तर एकाने मीटिंगमध्ये शिरायचं आणि दुसऱ्याने पाण्यात, असं करू नका. शोधणारा माणूस मोकळा हवा.

पायात जाड तळाचे बूट, वाळूवरही. स्टोनफिश दगडासारखाच दिसतो आणि त्याचे काटे पातळ रबरातूनही घुसतात. लागलाच तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात, भाजणार नाही एवढं पाहून, तास-दीड तास ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. प्रवाळाचं खरचटणं क्षुल्लक वाटतं पण दमट हवेत दोन दिवसांत चिघळतं. लगेच स्वच्छ गोड्या पाण्याने घासून आतले कण काढा, जंतुनाशक लावा, आणि भरेपर्यंत समुद्रात जाऊ नका. हे शेवटचं कोणी पाळत नाही.

उन्हासाठी क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि दोरीची टोपी. पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन हनुवटीखाली आणि गुडघ्यामागे भाजतं. क्रीम लावायचंच तर डबीवरची नावं वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने २०२१ पासून बंदी घातली, पलाऊने त्याआधी २०२० मध्येच. तुमच्या बेटावर नियम असो-नसो, खाली प्रवाळ तोच आहे.

राहिला एक मोठी की दोन लहान, हा प्रश्न. दोन लहान घ्या. दोघांची कयाक वेगात जाते आणि समोरच्या वाऱ्याला चांगलं तोंड देते, हे कबूल. पण ती जड असते, एकट्याने भरतीच्या रेषेवर ओढून नेणं अवघड जातं. एकाचं अंग गरम असलं की दुसराही किनाऱ्यावर. मागचा सुकाणू सांभाळतो आणि पुढचा वेग ठरवतो, त्यावरून होणारी भांडणं मी शिकवताना भरपूर ऐकली आहेत. दोन कयाक असल्या तर एक उलटल्यावर दुसरी धरायला जवळ असते, आणि एकाचे हात भरले तर ओढून आणताही येतं. त्यासाठी दहा-बारा मीटरची तरंगणारी दोरी दोघांकडेही हवी. दुसरी कयाक पुढच्या बोटीपर्यंत मिळणारच नसेल, तर तोवर आळीपाळीने जा, आणि जो किनाऱ्यावर आहे त्याने लॅपटॉप पाण्याकडे तोंड करून ठेवावा.